दोन स्तंभ आणि तिसरी साक्ष : इंग्रज-नेपाळ युद्धाच्या (१८१४-१८१६) इतिहासलेखनातील समतोलाचा प्रश्न

१८१४ ते १८१६ या काळात ईस्ट इंडिया कंपनी आणि गोरखा राज्य यांच्यात हिमालयाच्या पायथ्याशी जे युद्ध झाले, त्याला सर्वमान्य असे एक नाव नाही. कंपनीच्या कागदपत्रांत ते ‘नेपाळ युद्ध’ किंवा ‘गोरखा युद्ध’ आहे. नेपाळी ग्रंथांत ते ‘नेपाल-अंग्रेज युद्ध’ आहे. गढवालच्या लोकस्मृतीत युद्धापेक्षा त्याच्या आधीची गोरखा राजवट अधिक ठसलेली असून तिला ‘गोर्ख्याणी’ म्हणतात; हा शब्द जुलमाला पर्याय म्हणून वापरला जातो. एकाच घटनामालिकेची ही तीन नावे तीन वेगवेगळ्या आख्यानांची शीर्षके आहेत. त्यांपैकी पहिल्या दोघांना समोरासमोर ठेवले की ‘दोन्ही बाजूंना न्याय’ मिळाला, असे या युद्धाच्या अभ्यासात दीर्घकाळ मानले गेले. तिसऱ्या नावाचे काय करावयाचे, हा प्रश्न बहुधा परिशिष्टात ढकलला गेला.

समतोल हा इतिहासकाराचा गुण मानला जातो आणि तो आहेच. परंतु समतोलाला स्वतःचे एक कथनतंत्र असते, याकडे वाङ्मयाच्या अभ्यासकाने लक्ष वेधले पाहिजे. तराजूला दोनच पारडी असतात. ती कोणी निवडली आणि त्यांत काय घातले, हे न विचारता काटा मध्यावर आला की नाही एवढेच पाहणे, हे या युद्धाच्या बाबतीत वारंवार घडले आहे.

त्याचे सर्वांत बोलके उदाहरण ग्रंथात नसून दगडात आहे. देहरादूनजवळ रिस्पना नदीच्या परिसरात नालापानीच्या टेकडीखाली दोन लहान स्तंभ शेजारी शेजारी उभे आहेत. १८१४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये या टेकडीवरील खलंगा किल्ला बलभद्र कुंवर यांनी स्त्रिया व मुले यांच्यासह सुमारे सहाशे माणसांनिशी लढविला. ३१ ऑक्टोबरच्या पहिल्या हल्ल्यात मेजर जनरल रोलो गिलेस्पी मारला गेला, २७ नोव्हेंबरचा दुसरा हल्लाही परतवला गेला. अखेर तोफांचा मारा आणि पाण्याची कोंडी यांमुळे ३० नोव्हेंबरला उरलेली सत्तरएक माणसे घेऊन बलभद्र किल्ल्यातून निघून गेले. एक स्तंभ गिलेस्पी आणि त्याच्याबरोबर पडलेल्यांचा आहे. दुसरा शूर प्रतिस्पर्धी म्हणून बलभद्र आणि त्यांच्या गोरख्यांना आदरपूर्वक अर्पण केलेला आहे. विजेत्याने पराभूताचे स्मारक स्वतःच्या स्मारकाशेजारी, त्याच घडणीचे उभारावे, ही गोष्ट दुर्मीळ आहे आणि तिचे कौतुक होते ते अनाठायी नाही.

मात्र त्या लेखाची भाषा नीट वाचली तर दोन गोष्टी जाणवतात. पहिली अशी की किल्ला ब्रिटिश सैन्याने ‘जिंकला’ असे तेथे नोंदले आहे. नेपाळी परंपरा नेमके हेच नाकारते. तिच्या मते किल्ला जिंकला गेलाच नाही, तो सोडला गेला. बलभद्र आपणहून बाहेर पडले आणि त्यांनी शत्रूला तसे ऐकवलेही. दुसरी गोष्ट पाण्याची. नेपाळी आख्यानात तहान हा कथेचा गाभा आहे, शौर्य तिच्यामुळेच उजळते. स्तंभावर तहानेचा उल्लेख नाही. आदर पूर्ण आहे, पण ज्या उपायाने किल्ला रिकामा झाला तो उपाय गाळलेला आहे. शत्रूचा गौरव करणे आणि शत्रूचे म्हणणे नोंदवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिली केली की दुसरीची गरज संपते, असा समज हे स्तंभ पसरवतात. आणि नंतरच्या ग्रंथांनी तो उचलला.

दगडाचे हे व्याकरण छापील वृत्तांतांतही दिसते. जेम्स बेली फ्रेझरचा हिमालय-प्रवासाचा ग्रंथ १८२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील नालापानीच्या पाडावानंतरचे, प्रेतांचे, जखमींचे, जिवंत राहिलेल्या मुलांचे वर्णन आजही उद्धृत केले जाते. त्या वर्णनाचा सूर प्रत्यक्षदर्शीचा आहे, परंतु जेम्स त्या वेळी तेथे नव्हता. हजर होता तो त्याचा भाऊ विल्यम. ऐकीव माहिती प्रत्यक्षदर्शी सुरात सांगण्याची ही रीत प्रवासवर्णनाच्या वाङ्मयप्रकारातून युद्धवृत्तांतात आली आहे. याच काळातील ब्रिटिश लेखनात जबडा फुटलेल्या गोरखा सैनिकाची गोष्ट फिरत राहते. तो उपचारासाठी इंग्रजांच्या छावणीत येतो आणि बरा झाल्यावर पुन्हा लढण्यासाठी परत जाण्याची परवानगी मागतो. गोष्ट खरी असेलही. पण तिची रचना पाहावी. तिच्यात शत्रू एकदाच तोंड उघडतो, आणि तेही इंग्रजांच्या वैद्यकाची व खिलाडूपणाची ग्वाही देण्यासाठी. सीमेवरील महसुलाचा वाद तिच्यात कोठेच नाही. युद्ध म्हणजे दोन उमद्या वीरांचे द्वंद्व, असे रूप एकदा दिले की ते कशासाठी झाले हे विचारणे असभ्यपणाचे वाटू लागते.

आता गोरखा बाजूच्या आवाजाकडे वळता येईल. १८२४ मध्ये कंपनीने नेपाळ युद्धासंबंधीच्या कागदपत्रांचा मोठा संग्रह छापला. त्यात गोरखा सरदारांची पत्रे इंग्रजी भाषांतरात आहेत, आणि म्हणून समतोल साधू पाहणारा प्रत्येक इतिहासकार तेथेच धाव घेतो. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध पत्र पश्चिम आघाडीचे सेनानी अमरसिंह थापा यांनी मार्च १८१५ मध्ये काठमांडूच्या दरबाराला लिहिलेले आहे. वृद्ध सेनापती राजाला तहाच्या घाईपासून परावृत्त करतो, टिपू सुलतानाने अर्धे राज्य देऊनही पुढे काय झाले याची आठवण देतो, भरतपूरचा दाखला देतो, चीनच्या बादशहाकडे मदत मागावी असे सुचवतो. राजकीय गद्य म्हणून त्याचा दर्जा मोठा आहे. परंतु हे पत्र इंग्रजांनी वाटेत पकडले होते. ते त्यांच्या मुन्शींनी वाचले, त्यांच्या अधिकाऱ्यांनी भाषांतरित केले, आणि शत्रू नमणारा नाही हे सिद्ध करणारा पुरावा म्हणून छापले. ज्याच्यासाठी ते लिहिले गेले त्या वाचकापेक्षा ज्याच्याविरुद्ध लिहिले गेले त्यानेच ते जपले. गोरखा बाजूचा ‘आवाज’ म्हणून ते वापरताना ते चोरून ऐकलेले बोलणे आहे, हे विसरता येत नाही. विश्वासार्हतेच्या दृष्टीने हा त्याचा गुणही ठरतो, कारण ते इंग्रजांसाठी सजवलेले नाही. पण निवड कोणी केली, हा प्रश्न उरतोच.

भरतपूरचा दाखला मराठी वाचकाला विशेष ओळखीचा वाटेल. यशवंतराव होळकरांनी ज्या किल्ल्याचा आश्रय घेतला आणि १८०५ मध्ये ज्याच्यापुढे जनरल लेकचे हल्ले फसले, तो हाच किल्ला. काठमांडूच्या दरबारात तो कंपनीच्या अजिंक्यतेचा प्रतिवाद म्हणून उच्चारला जात होता. एच. टी. प्रिन्सेप याने १८२५ च्या आपल्या इतिहासात भीमसेन थापा यांच्या तोंडी याच आशयाचा युक्तिवाद घातला आहे : माणसाने बांधलेला किल्ला इंग्रजांना घेता आला नाही, तर देवाने उभारलेले डोंगर ते कसे घेणार. हे उद्गार आज नेपाळी राष्ट्रीय लेखनात सर्वत्र भेटतात. प्रिन्सेपला नेपाळी नायक बोलका हवा होता, कारण उद्धट आत्मविश्वास हेच युद्धाचे कारण म्हणून त्याला दाखवावयाचे होते. नेपाळी लेखकांना तोच आत्मविश्वास अभिमानास्पद वाटला. एका बाजूचा आरोप दुसऱ्या बाजूचे भूषण झाला आणि मजकूर तोच राहिला. दोन्ही पक्षांचे ग्रंथ शेजारी ठेवून ‘सहमती’ शोधणाऱ्याला येथे सहमती सापडेल. ती वस्तुतः एकाच उगमाची दोन वळणे आहेत.

मराठी इतिहासलेखनाने ही अवस्था आपल्या परीने अनुभवली आहे. ग्रांट डफच्या १८२६ च्या ग्रंथावर नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६८ मध्ये टीका केली आणि पुढे राजवाडे, खरे, पारसनीस यांनी कागदपत्रांचा ढीग उभा केला, तेव्हा प्रतिवादासाठी आधी स्वतःचे दप्तर हवे हे स्पष्ट झाले. नेपाळमध्ये बाबुराम आचार्य आणि त्यांच्यानंतरच्या संशोधकांनी हेच काम केले. फरक असा की नेपाळचे दप्तर कधी विजेत्याच्या हाती गेले नाही. ते राजवाड्यात आणि सरकारी कचेऱ्यांत राहिले, आणि म्हणून दीर्घकाळ सर्वसामान्य अभ्यासकांना दुर्लभही राहिले.

या दप्तराचा सर्वांत फलदायी उपयोग ज्याने केला, तो महेशचंद्र रेग्मी हा अभ्यासक समतोलाच्या चर्चेत क्वचितच आठवला जातो. १९६९ ते १९८९ अशी वीस वर्षे त्यांनी ‘रेग्मी रिसर्च सिरीज’ चालवून राजाज्ञा, महसुली हुकूम आणि पत्रव्यवहार इंग्रजीत आणले. त्यांच्या लेखनात वीरांना फारशी जागा नाही. गोरखा सैनिकाला वेतन म्हणून जमीन मिळे. सैन्य वाढले की जमीन हवी, जमीन हवी तर आणखी मुलूख जिंकला पाहिजे, आणि तो जिंकण्यासाठी आणखी सैन्य. तराईची सुपीक जमीन ही या चक्राची धुरी होती. हे चित्र समोर ठेवले की गिलेस्पी आणि बलभद्र या दोघांच्या स्तंभांमागचा तिसरा घटक, म्हणजे सारा भरणारा शेतकरी, प्रथमच दिसू लागतो. रेग्मी कोणत्याही बाजूचे वकीलपत्र घेत नाहीत, समतोलाचाही आव आणत नाहीत. तरी या विषयावरील सर्वांत न्याय्य लेखन त्यांचेच आहे.

त्यांच्या तुलनेत दोन बहुपरिचित ग्रंथ पाहावेत. जॉन पेम्बल यांचा ‘द इन्व्हेजन ऑफ नेपाल’ (१९७१) शीर्षकातच ‘आक्रमण’ हा शब्द वापरून कंपनीची बाजू सोडतो. ब्रिटिश सेनापतींचा नाकर्तेपणा तो निष्ठुरपणे मांडतो. फेब्रुवारी १८१५ मध्ये छावणी सोडून निघून गेलेल्या जनरल मार्लेला तेथे दयामाया नाही. परंतु ही आत्मपरीक्षणाची निष्ठुरता आहे. ग्रंथाचे नायक आणि खलनायक एकाच छावणीत राहतात. गोरखा हे त्यांची परीक्षा पाहणारे संकट म्हणून येतात. लुडविग स्टिलर यांचा ‘द राइज ऑफ द हाउस ऑफ गोरखा’ (१९७३) उलट दिशेने, काठमांडूकडून पाहतो. मूळचे अमेरिकन येशूसंघीय आणि पुढे नेपाळचे नागरिक झालेले स्टिलर दोन्ही भाषांतील साधने सारख्याच सहजतेने वापरतात. मात्र त्यांच्या उपशीर्षकातील ‘एकीकरण’ हा शब्द कुमाऊं-गढवालच्या किंवा पूर्वेकडील किरात समाजाच्या तोंडी सहज येणारा नाही. ‘द गोरखा कॉन्क्वेस्ट्स’ (१९९१) या ग्रंथात कुमार प्रधान यांनी पूर्व नेपाळचा विचार करताना विजय हा शब्द शीर्षकात आणून ही अडचण उघड केली. शब्दाची ही अदलाबदल पुष्कळ पानांच्या समतोलापेक्षा अधिक काम करते.

युद्धाच्या कारणाविषयीही दोन पक्षांची रूढ मांडणी अपुरी पडते. बुटवलचा वाद घ्यावा. पाल्पाचे सेन राजे डोंगरात स्वतंत्र होते, पण पायथ्याच्या बुटवल परगण्यासाठी ते अवधच्या नबाबाला सारा देत. १८०१ मध्ये नबाबाने गोरखपूरचा प्रदेश कंपनीला दिला, त्याबरोबर हा साराही कंपनीकडे आला. पुढे गोरख्यांनी पाल्पा खालसा केले आणि पाल्पाच्या राजाचे वारस म्हणून बुटवलवर हक्क सांगितला. एक पक्ष वरच्या मालकाचा वारस होता, दुसरा खालच्या धारकाचा, जमीन तीच. जुन्या व्यवस्थेत दोन्ही हक्क एका भूमीवर नांदत होते. त्यांच्यामध्ये रेघ ओढण्याचा आग्रह धरला गेला तेव्हा ते परस्परविरोधी ठरले, आणि मे १८१४ मध्ये बुटवलच्या पोलीस ठाण्यांवरील हल्ल्याने कंपनीला युद्धाचे निमित्त दिले. बर्नार्डो मायकेल यांच्या २०१२ च्या अभ्यासाचा भर याच मुद्द्यावर आहे : परगणे आणि टप्पे एकमेकांत गुंतलेले होते, नकाशावरील सलग सीमा ही युद्धाचे कारण नव्हे तर त्याची निष्पत्ती होती. असे असेल तर ‘सीमेच्या दोन्ही बाजूंचे दृष्टिकोन’ ही शब्दयोजनाच कालविपर्यस्त ठरते. बाजू पडल्या त्या सीमा आखल्यावर.

आता तिसऱ्या नावाकडे. कुमाऊं १७९० पासून आणि गढवाल १८०४ पासून गोरख्यांच्या अमलाखाली होते. या पंचवीस वर्षांची वाङ्मयीन साक्ष उपलब्ध आहे आणि ती एकसुरी नाही. गढवालचे चित्रकार-कवी मौलाराम श्रीनगरमध्येच राहिले. राजवंशाचा पाडाव, गोरखा अंमल आणि इंग्रजांचे आगमन हे तिन्ही त्यांनी पाहिले. राजाश्रयावर जगणाऱ्या कलावंताला बदलत्या धन्यांशी जुळवून घेताना जी कसरत करावी लागते, तिची चिन्हे त्यांच्या लेखनात शोधता येतात. कुमाऊंचे गुमानी पंत (१७९०-१८४६) संस्कृत, कुमाऊंनी, नेपाळी आणि खडी बोली अशा चार भाषांत लिहीत. गोरखा अमलात सरकारी ओझी वाहणाऱ्या प्रजेची दैना त्यांनी नोंदवली, तशीच इंग्रजी अमलात बदललेल्या अल्मोड्याची विपरीत कळाही. नेपाळीत कविता रचणाऱ्या या कवीला नेपाळविरोधी म्हणता येत नाही आणि कंपनीचा स्तुतिपाठकही म्हणता येत नाही. बहुभाषिक कवीचे हे स्थान दोन पारड्यांच्या तराजूत बसत नाही. तौलनिक साहित्याने ज्याच्यासाठी आपली साधने घडविली, असाच हा लेखक आहे.

या साक्षीचा वापर करताना एक धोका मात्र ओळखला पाहिजे. गोरखा जुलमाचे पुरावे सर्वांत आधी आणि सर्वांत उत्साहाने इंग्रजांनीच गोळा केले. गंगेच्या उगमाच्या शोधात १८०८ मध्ये गेलेल्या रेपरने हरिद्वारला होणाऱ्या डोंगरी माणसांच्या विक्रीची नोंद, वये आणि किमती यांसह, केली. पुढे अ‍ॅटकिन्सनच्या गॅझेटियरसारख्या ग्रंथांत गोरखा राजवट हे ब्रिटिश राजवटीचे समर्थन म्हणून उभे राहिले. नोंद खोटी नाही. तिची नेमणूक संशयास्पद आहे. म्हणून काही नेपाळी लेखकांनी या सर्वच पुराव्याला वसाहतवादी अपप्रचार म्हणून बाजूला सारले. हेही तितकेच चुकीचे आहे, कारण त्यामुळे विकल्या गेलेल्या माणसांना दुसऱ्यांदा गप्प केले जाते. गुमानींचे महत्त्व येथे आहे. त्यांची साक्ष कोणत्याही रेसिडेंटच्या मागणीवरून दिलेली नाही.

या चर्चेला केवळ ग्रंथालयीन महत्त्व असते तर गोष्ट वेगळी होती. दार्जिलिंगमध्ये सूर्यविक्रम ज्ञवाली यांनी अमरसिंह थापा यांच्यासारख्या वीरांची चरित्रे लिहिली ती भारतातील नेपाळीभाषकांना अस्मिता मिळावी म्हणून. देहरादूनचा गोरखा समाज आजही खलंगाची स्मृती जागवतो. या समाजाची भाषा १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत आली. तो भारताचा नागरिक आहे आणि त्याचे वीर भारतभूमीवर पडलेल्या परक्या राज्याच्या सेनेत होते. त्याच्या शेजारचा गढवाली त्याच टेकडीकडे पाहून ‘गोर्ख्याणी’ आठवतो. ‘भारतीय बाजू’ आणि ‘नेपाळी बाजू’ अशी वाटणी केली की हा समाज कोठेच उरत नाही. खुद्द बलभद्रही उरत नाहीत. ते पुढे रणजितसिंहांच्या सैन्यात गेले आणि १८२३ मध्ये नौशेराच्या लढाईत अफगाणांशी लढताना पडले. स्तंभावर या अंताचा उल्लेख आहे. परदेशी फौजेत नोकरी करणाऱ्याला नेपाळीत ‘लाहुरे’ म्हणतात, तो शब्द त्या लाहोरच्या वाटेवरूनच आलेला आहे. इकडे अमरसिंहांनी मलाऊंला मे १८१५ मध्ये शस्त्रे ठेवली त्याच वर्षी कंपनीने गोरखा पलटणी उभारण्यास प्रारंभ केला. शूर शत्रूची प्रतिमा भरतीच्या कामी आली.

सुगौलीचा तह २ डिसेंबर १८१५ रोजी झाला आणि मकवानपूरच्या लढाईनंतर ४ मार्च १८१६ रोजी पक्का झाला. त्याच्या पाचव्या कलमाने काली नदीच्या पश्चिमेचा मुलूख नेपाळने सोडला. काली कोठून सुरू होते हे त्या कलमात नाही. २०२० मध्ये लिपुलेखच्या रस्त्यावरून वाद पेटला आणि नेपाळने नवा नकाशा संसदेत मंजूर केला, तेव्हा दोन्ही देशांतील लेखक याच कलमाचा अर्थ लावू लागले. वाचनाच्या या स्पर्धेत पुन्हा दोनच पक्ष होते. या खोऱ्यात, ब्यांसमध्ये, रंग समाजाची गावे नदीच्या दोन्ही काठांवर आहेत. तहानंतरच्या वर्षी, १८१७ मध्ये, नेपाळने या परगण्यातील गावांवर हक्क सांगितला; टिंकर आणि छांगरू ही गावे त्याला मिळाली, कुटी, नाबी आणि गुंजी कंपनीकडे राहिली. उन्हाळ्यात वर चढणारी आणि थंडीत खाली उतरणारी ही माणसे त्या वर्षीही तशीच चढली-उतरली असणार.